अमेरिकेतून आणलेला बागेचा पाइप जर्मनीतल्या नळाला का बसत नाही

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीहून जर्मनीत बदली झाली आणि सामानातून बागेचा ५० फुटी पाइप, स्प्रिंकलर, पितळी नोझल आणि बॅटरीवर चालणारा टायमर असं सगळं आलं. भाड्याच्या घराच्या मागच्या भिंतीवर नळ आहे. नळ पाऊण इंची, पाइपाचं तोंडही पाऊण इंची. तरी पाइपाचा नट दीड-दोन फेरे जातो आणि अडतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून झाली, पान्याने आवळून झालं, पाणी नटाच्या कडेने उडतंच आहे. नळ जुना झालाय का, घरमालकाला बदलायला सांगावं का, की अडॅप्टर मिळतो?

नळ ठणठणीत आहे. घरमालकाकडे तक्रार करू नका. उलट पान्याने आवळताना त्याच्या आट्यांना काही इजा झाली नाही ना, ते आजच बघून घ्या. अडॅप्टर मिळतो आणि एकच पुरतो. मात्र त्याच नावाने चुकीचे अडॅप्टरही विकले जातात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. इमारतींच्या पाणी आणि हीटिंगच्या देखभालीत मी इथे २२ वर्षं काढली, आणि एप्रिल-मे आला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच.

गोंधळाचं मूळ ‘पाऊण इंच’ या शब्दात आहे. ते नाव आहे, माप नाही. तुमच्या नळाच्या तोंडाचा बाहेरून व्यास घेतलात तर तो सुमारे २६.४ मिलिमीटर भरेल, म्हणजे एका इंचाहूनही थोडा जास्त. खरा पाऊण इंच तर १९ मिलिमीटरचा. हे नाव पूर्वीच्या जाड लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलं. पोकळी पाऊण इंच, त्यावर पाइपाची जाडी, आणि आटे पाडायचे बाहेरून. पुढे पाइप पातळ झाले, पितळेचे आले, प्लास्टिकचे आले. नाव मात्र चिकटून बसलं.

युरोपातल्या बागेच्या नळावर जे आटे असतात ते मूळचे ब्रिटिश पाइपाचे. पाकिटावर ‘जी’ अक्षर आणि पुढे पाऊण असं छापलेलं दिसेल. एका इंचात १४ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. हा ५५ अंश जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये सुचवलेला. बाकी सगळं मिलिमीटरमध्ये मोजणारा जर्मन माणूस पाण्याच्या नळापाशी आला की आजही मुकाट्याने ‘त्सोल’ म्हणतो, म्हणजे इंच. मला याची अजून गंमत वाटते.

अमेरिकेत बागेच्या पाइपासाठी वेगळेच आटे ठरलेले आहेत. त्यांना जीएचटी म्हणतात, कुठेकुठे एनएच असंही छापतात. बाहेरच्या आट्यांचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर, कोन ६० अंश, आणि एका इंचात आटे साडेअकरा. शिवाय पाइपाची आतली पोकळी अर्धा इंच असो, पाच अष्टमांश असो की पाऊण, तोंडावर आटे हेच. तेव्हा तुमचा ‘पाऊण इंची’ पाइप आतून बहुधा पाऊण इंची नसेलच. ते त्याच्या तोंडाचं नाव आहे. एकाच शब्दात तीन निरनिराळी मापं कोंबलेली आहेत: नळाची, पाइपाच्या तोंडाची आणि पाइपाच्या पोकळीची.

२६.४ आणि २७, फरक अर्ध्या मिलिमीटरचा. फरक मोठा असता तर तुम्ही पहिल्याच मिनिटाला नाद सोडला असता. इथे नट नळावर चढतो, किंचित डुगडुगतो, आणि बसतोय असं वाटतं. पण तुमच्या नळाच्या दोन आट्यांमधलं अंतर १.८१ मिलिमीटर आहे आणि नटाच्या दोन आट्यांमधलं २.२१. दर फेऱ्याला ०.४ मिलिमीटरची चूक साचत जाते. दुसऱ्या फेऱ्याच्या आसपास एकाच्या खाचेत दुसऱ्याचा आटा बसण्याऐवजी धारेवर धार येते, आणि तिथे नट अडतो. त्यापुढे पाना लावला की काहीतरी कापलं जातं. नट ॲल्युमिनियमचा आणि नळ पितळी असेल तर नट कापला जातो, हे तुमचं नशीब. उलटं झालं असतं तर घरमालकाचा नळ गेला असता.

उलटी जोडी, म्हणजे युरोपातला नट अमेरिकेतल्या नळावर, वेगळी वागते. तिथे नटाचं भोक लहान आणि नळ मोठा, त्यामुळे पितळी नट चढायलाच तयार नसतो. प्लास्टिकचा मात्र जोर केला की तिरका चढतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि दोन दिवसांत त्याचे आटे मरतात. कोणी फोनवर ‘बसतोय पण डुगडुगतोय’ म्हणालं की मी धरून चालतो नळ युरोपातला आहे. ‘लागतच नाहीये’ म्हणालं की अमेरिकेतला.

आता टेफ्लॉन टेप. तुम्ही तर लावलीतच, आणि जवळजवळ प्रत्येकजण लावतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. पाण्याच्या जोडांचे दोन प्रकार. एकात पाणी आट्यांमध्येच अडवलं जातं. तिथे आटे निमुळते असतात, आवळत जाल तसे घट्ट होतात, आणि मधली फट भरायला टेप किंवा ताग लागतो. भिंतीतल्या पाइपात नळ बसवतात तो जोड या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारात आटे सरळ असतात आणि त्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. पाणी अडवते ती नटाच्या तळाशी बसलेली रबरी चकती, म्हणजे वॉशर, आणि त्यावर दाबून बसलेली नळाच्या तोंडाची सपाट कड. बागेचा पाइप या दुसऱ्या प्रकारात मोडतो, जर्मनीत आणि अमेरिकेतही. तुमच्या बाबतीत नट दीड-दोन फेऱ्यांतच अडल्यामुळे नळाची कड वॉशरपर्यंत पोचलेलीच नाही. तिथे टेप दहा वेढे गुंडाळा की वीस, पाणी वाट काढणारच. टेपमुळे आटे जाड होतात आणि नट अजून लवकर अडतो, हा वरचा तोटा.

मी स्वतः इथल्या पहिल्या उन्हाळ्यात हेच केलं होतं. पाइप परिचितांनी दिलेला, अमेरिकेतून परत येताना आणलेला. टेप गुंडाळून, वर तार पिळून, समाधानाने स्प्रिंकलर लावला आणि आत जेवायला बसलो. बाहेरून फाटकन आवाज आला तेव्हा पाइप नळावरून उडून शेजाऱ्यांच्या टेबलावर पाणी मारत होता. तेव्हा मी हाच धंदा करत होतो, हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे ते प्रकरण बरीच वर्षं चाललं.

खरेदीआधी खात्री करून घ्या. व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचा दशांशही दाखवणारं मापाचं साधन, असेल तर ठीक, पण साध्या पट्टीवर २६.४ आणि २७ यांतला फरक दिसत नाही. आट्यांचं अंतर मात्र दिसतं. पांढऱ्या कागदाची पट्टी नळाच्या आट्यांवर आडवी दाबा आणि वरून पेन्सिल घासा. ओळीने पाच धारांच्या रेघा उमटल्या की पहिलीपासून पाचवीपर्यंतचं अंतर मोजा. ७.३ मिलिमीटरच्या आसपास आलं तर युरोपातले आटे, ८.८ च्या आसपास आलं तर अमेरिकेतले. दीड मिलिमीटरचा फरक चष्मा न लावताही कळतो.

त्याच वेळी व्यासही बघून ठेवा. जर्मनीत सर्वसाधारण घराच्या नळाचं तोंड २६.४ चं असतं, पण मोठ्या नळाचं ३३ असू शकतं, ते एक इंची. आणि कुठे २१ भरलं तर ते अर्धा इंची. नळाच्या तोंडाला खालच्या बाजूने नट असलेली निमुळती, खाचांची नळी लटकत असेल तर ती नळाचा भाग समजू नका. बरेच नळ ती लावूनच विकले जातात, थेट रबरी पाइप कोंबून क्लिप आवळण्यासाठी. तो नट उलटा फिरवून काढा, आत खरे आटे सापडतील. अमेरिकेचा नट या खाचांवर चढवायची धडपड करणारेही पाहिलेत.

तर अडॅप्टर. एका तोंडाला आतून आटे, युरोपातले पाऊण इंची, हे नळावर चढणार. दुसऱ्या तोंडाला बाहेरून आटे, अमेरिकेतले जीएचटी, यावर तुमचा पाइप चढणार. जर्मन पाकिटावर आतल्या आट्यांना ‘आयजी’ आणि बाहेरच्यांना ‘एजी’ लिहितात. म्हणजे जी-पाऊण आयजी आणि जीएचटी एजी. पितळेचा घ्या. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्ती आणि बागेच्या सामानाच्या इथल्या मोठ्या दुकानात, हा शोधण्यात संध्याकाळ घालवू नका, तिथे अमेरिकेतल्या आट्यांना कोणी विचारत नाही. ऑनलाइन मागवावा लागतो.

ऑनलाइनचा सापळा एनपीटी या तीन अक्षरांत आहे. अमेरिकेत घराच्या आतल्या पाइपांना एनपीटी आटे असतात. अनेक विक्रेते ‘अमेरिकेतलं पाऊण इंच’ म्हणजे एनपीटीच समजतात आणि तसं लिहितात. एनपीटी पाऊण इंचातही एका इंचात १४ आटे असतात, व्यास सुमारे २६.७, त्यामुळे तो तुमच्या जर्मन नळाशी थोडाफार जमवूनही घेईल. पण कोन ६० अंशांचा, आटे निमुळते, आणि वॉशर दाबायला सपाट कड असेलच असं नाही. आणि तुमचा पाइप त्यावर बसणार नाही तो नाहीच. वर्णनात एनपीटी दिसलं की पुढे चला. ‘साडेअकरा’ किंवा जीएचटी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

आता माझं मत. तुमच्याकडे पाइप, स्प्रिंकलर, नोझल, टायमर सगळं अमेरिकेतलं आहे, म्हणजे नळापासून पुढची सगळी साखळी एकाच जातीची. अशा वेळी नळावर एक अडॅप्टर आणि पुढे काहीही न बदलणं हेच शहाणपण. टायमर बॅटरीवरचा आहे, तेव्हा विजेच्या दाबाचा प्रश्न नाही. तो अडॅप्टरनंतर लावा. (जमिनीत पुरायच्या व्हॉल्व्हचा, भिंतीत प्लग लावायचा कंट्रोलर आणला असता तर त्याचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा निघाला असता, तो इथे लावायचा नाही.)

पण हा पाइप आधीच कडक झाला असेल, मुडपला की भेगा दिसत असतील, तर त्याच्यासाठी अडॅप्टर शोधत बसू नका. इथला पाइप घ्या आणि दाबून खटकन बसणारे जोड वापरा. गार्डेना या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये तशी पद्धत आणली, आणि आज युरोपात इतर कंपन्यांचे जोडही बहुतेक त्याच घडणीचे असल्याने एकमेकांत बसतात. नळावर आट्यांचा तुकडा एकदा बसवला की पुन्हा आट्यांशी संबंधच येत नाही. अमेरिकेत असे जोड मिळतात, पण तिथे कंपनीगणिक घडण बदलते. तिकडून आणलेला खटक्याचा जोड इथल्या जोडीदारात बसेल असं गृहीत धरू नका.

मधला मार्गही आहे, पाइपाचं अमेरिकेतलं तोंड कापून टाकायचं आणि तिथे इथला खटक्याचा जोड लावायचा. पाच अष्टमांश इंची पाइपाची पोकळी १६ मिलिमीटरला जरा कमी असते आणि इथला १३ ते १५ मिलिमीटरसाठी म्हणून विकला जाणारा जोड त्यात सहसा बसतो. अडचण येते ती जाडीची. अमेरिकेतले भारी रबरी पाइप इतके जाड असतात की जोडाचं बाहेरचं कडं त्यांच्यावर चढत नाही. मग पितळी खाचांची नळी आणि स्टीलची क्लिप. आणि पाइपाचं दुसरं तोंड कापलंत तर स्प्रिंकलरलाही नवा जोड लागेल, हे विसरू नका. एक तोंड कापायला गेलेला माणूस शेवटी चार तुकडे विकत घेतो.

माळी लोकांकडे पितळी पंजांचे जोड दिसतील, दोन सारखे तुकडे समोरासमोर धरून पिळायचे. त्यांना इथे गेका म्हणतात. पंजांमधलं अंतर सगळ्यांत ४० मिलिमीटर, त्यामुळे अर्धा इंची तुकडा एक इंचीशीही जुळतो, आणि नर-मादी भानगडच नाही. मला व्यक्तिशः हेच आवडतात. छोट्या बागेला ते जड पडतात, एवढंच.

अडॅप्टर आला की बसवायला पाना लागू नये. आधी आतलं वॉशर आहे ना ते बघा, पाकिटातून बरेचदा सुटं पडतं. नट उलट्या दिशेने हलकेच फिरवा, ‘टक्’ असं खाली पडल्याचं जाणवलं की मग सुलटा फिरवा. आटा तिरका लागत नाही. हाताने घट्ट होईपर्यंत, मग पाव फेरा. तरी झिरपलं तर आवळू नका, वॉशर बदला. इथे एक बारीक गोष्ट: अमेरिकेतलं वॉशर बाहेरून सुमारे २५ मिलिमीटरचं, इथलं पाऊण इंची सुमारे २४ चं. इथलं वॉशर अमेरिकेतल्या नटात सैल पडतं आणि सरकतं. तिकडची दहा वॉशर कोणी येणाऱ्याबरोबर मागवून ठेवा.

गळती कुठून आहे त्यावर दुखणं ओळखा. नटाखालून पाणी, तर वॉशर. नळ उघडल्यावर मुठीच्या दांड्याजवळून पाणी, तर तिथला छोटा नट अष्टमांश फेरा आवळा, बहुतेकदा थांबतं. नळ बंद असूनही तोंडातून थेंब, तर नळाच्या आतलं रबर गेलंय. आणि भिंतीतून नळ बाहेर येतो तिथे ओल दिसली, तर हात लावू नका; आता मात्र घरमालकाला फोन करा, कारण आतला पाइप त्याचा आहे.

तोटीच्या वरच्या बाजूला टोपीसारखा गोल भाग असेल आणि पाइप बंद करताना तिथून थोडं पाणी शिंतडत असेल, तर ते गळणं नाही. ती हवा आत घेणारी झडप असते. रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीत दाब अचानक पडला तर बादलीत किंवा खताच्या बाटलीत बुडालेल्या पाइपातलं पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात शोषलं जाऊ नये म्हणून ती असते. युरोपात त्यासाठी ईएन १७१७ हे मानक आहे, अमेरिकेतही बाहेरच्या नळाला अशी झडप लागते. ती काढून टाकून ‘गळती’ बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका.

तसंच, नळाच्या अलीकडे छोटा मीटर आणि त्यावर सील असेल तर तो बागेच्या पाण्याचा वेगळा मीटर आहे. बागेत मुरलेल्या पाण्यावर सांडपाण्याचा आकार पडू नये म्हणून बसवतात. सील तुटलं तर ती सवलत अडचणीत येते, म्हणून अडॅप्टर मीटरच्या पुढे, अगदी शेवटी.

जर्मनीतून पुढे बदली झाली तर: ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये हेच आटे. फ्रान्समध्येही हेच, पण नाव बदलतं. तिथे पाकिटावर २०/२७ लिहितात, अर्धा इंची असेल तर १५/२१, एक इंची असेल तर २६/३४. ऑस्ट्रेलियातही ब्रिटिश आटेच, फक्त तिथे एक इंची नळ बरेच भेटतात. कॅनडा अमेरिकेसारखा. भारतातल्या नळांच्या फिटिंगचे आटेही ब्रिटिश घराण्यातलेच, त्यामुळे तिथून आणलेला पितळी पाऊण इंची तुकडा इथे बसला तर चकित होऊ नका.

ऑक्टोबर संपत आला की टायमर, अडॅप्टर, पाइप सगळं नळावरून काढा. तळघरात त्या नळाचा वेगळा कॉक असतो, तो बंद करा, बाहेरचा नळ उघडा ठेवा आणि कॉकजवळचा पाणी सोडण्याचा बारीक स्क्रू उघडून उरलेलं पाणी बादलीत घ्या. तुमचा नळ थंडीत न गोठणाऱ्या प्रकारचा असला तरी पाइप काढावाच लागतो, कारण तो नळ पाणी बाहेर ओघळून गेल्यावरच सुरक्षित होतो. पाइप किंवा टायमर लावून ठेवला की पाणी भिंतीतल्या नळीत अडकतं, गोठून नळी फाटते, आणि ते कळतं मार्चमध्ये पहिल्यांदा नळ उघडल्यावर, घराच्या आतल्या बाजूला. तुमच्या पाइपाचा नट ॲल्युमिनियमचा आहे ना, तो पितळेवर ओला राहिला की कायमचा धरतो. वर्षातून एकदा काढायला हे दुसरं निमित्त. अडॅप्टर टायमरबरोबर एकाच डब्यात ठेवा.